काजूच्या दिवसांतली वीस मिनिटं

आमोण्याच्या डोंगरावर काजू पिकायला लागले की माझ्या रागालाही हंगाम येतो. एरवी वर्षभर तो निमूट पडून असतो. चैत्रात मी रजा काढून घरी येते, थिवीला गाडीतून उतरते, रिक्षा डिचोली मागे टाकून आमोण्याच्या रस्त्याला लागते आणि उघड्या बाजूने तो वास आत शिरतो. गोड, उग्र, घशाला थोडा टोचणारा, पिकून झाडाखाली पडलेल्या बोंडूंचा, काजूच्या फळांचा वास. या वासाने लोकांना म्हणे बालपण आठवतं. मला एक यंत्र आठवतं. हाताच्या पंजाएवढं काळं यंत्र, त्याला पांढरी प्लास्टिकची नळी, आणि नळीच्या पलीकडे दाभाडकरचा चेहरा.

दाभाडकर माझा साहेब, ड्युटीवर जाण्याआधी आम्हाला तपासून किल्ल्या देणारा कंट्रोलर. समोर असला की मी त्याला ‘साहेब, तुम्ही’ म्हणते. इथे म्हणणार नाही. इतकी वर्षं तोंडावर अहोजाहो केलंय, कागदावर तरी एवढी चैन मला हवी.

मी मेट्रो चालवते. शहराचं नाव सांगत नाही, कारण त्या शहराने माझं काही वाईट केलेलं नाही. आमच्या गोव्यात मेट्रो नाही, त्यामुळे गावात अजून विचारतात, मी नेमकं करते काय. मी सांगते, खांबांवरून जाणारी रेल्वे चालवते. शेजारच्या शांताकाकीने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिने सुपातले तांदूळ खाली ठेवले. “खांब्यांवयल्यान? आनी पडली जाल्यार गो?” पडत नाही, काकी, म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. दरवर्षी मी आले की ती मला आधी पायापासून डोक्यापर्यंत बघते आणि मगच चहा विचारते.

गाडीच्या टोकाला काचेची एक छोटी खोली असते, तिच्यात मी एकटी. हाताखाली एक दांडा. तो दाबून धरला तरच गाडी चालते. हात सुटला की ती आपोआप थांबते, म्हणजे चालवणाऱ्याला काही झालं तर मागचे प्रवासी वाचावेत. प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलायचं, “हिरवा!” ऐकायला खोलीत कुणी नसलं तरी बोलायचं, कारण पाहिलेलं तोंडाने बोललं की चुका कमी होतात. ही सवय घरीही जात नाही. आमोण्याच्या तिठ्यावर रस्ता ओलांडताना माझं बोट आपसूक वर उठतं. आई हसते. “कोणाक दाखयता गो? म्हशीक?”

या कामावर माझं प्रेम आहे, आणि ते सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला कळणार नाही. वैशाखात गुलमोहर फुलतात तेव्हा सगळे ते खालून बघतात. मी वरून बघते. रूळ झाडांच्या शेंड्यांवरून जातात आणि दोन स्टेशनांमध्ये लालभडक गालिचा पसरलेला असतो, त्याच्यावर एखादा कावळा बसलेला. एका वळणावर तिसऱ्या मजल्याची गच्ची लागते. तिथे एक बाई उन्हाळाभर कुरडया वाळत घालते आणि गाडी आली की साडीचा पदर धरून मान वर करते. पुढच्या स्टेशनवर रुग्णालयातल्या नर्सा चढतात, पाळी संपवून आलेल्या, दाराशेजारी उभ्याउभ्या पेंगणाऱ्या. मी ब्रेक इतका हळू लावते की त्यांची मान हलू नये. हे कुणी मला शिकवलेलं नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण गाडी थांबण्याच्या खुणेवर बरोबर टेकली आणि मागे एकही माणूस हिंदकळला नाही, की मला जे वाटतं ते मी दुसऱ्या कशात पाहिलेलं नाही.

ड्युटी सुरू करायच्या आधी श्वासातली दारू तपासायला प्रत्येकाने त्या काळ्या यंत्रात फुंकायचं असतं. चालवणारा असो की कंट्रोलर, सुटका कुणाची नाही. पडद्यावर शून्य आलं तर सही करायची, गाडीची किल्ली घ्यायची. शून्य नसेल तर किल्ली नाही. नियम योग्य आहे. माझं भांडण नियमाशी कधीच नव्हतं.

आता नीरो म्हणजे काय, हे सांगायला हवं. आमच्याकडे बोंडू दगडाच्या उथळ कुंडीत तुडवतात. तुडवून झालेला चोथा गोळा करायचा, वेलीने आवळून बांधायचा आणि वर जड दगड ठेवायचा. त्यातून थेंब थेंब पाझरतो तो नीरो. स्वच्छ, फिकट, जिभेला गोड आणि घशाला किंचित तुरट. सकाळी उतरवलेला नीरो अंगणातली पोरंटोरं पेलेभर पितात. पण तो जागच्या जागी थांबत नाही. उन्हं चढली की त्यात बारीक बुडबुडे येतात, दुसऱ्या दिवशी तो आंबतो, आणि त्यानंतर तो भाटीवर दारू गाळायला जातो. म्हणून आमच्यात कुणाला नीरो दिला की त्याबरोबर एक वाक्य द्यायचंच असतं, “सांजेमेरेन पियात, फाल्यां आंबता.” संध्याकाळपर्यंत प्या, उद्या आंबतो. माझी आई हे वाक्य झाकण लावता लावता म्हणते. ते वाक्य दिल्याशिवाय बाटली दिली असं ती मानतच नाही.

चार वर्षांपूर्वी तिने मलाही ते सांगितलं होतं. रजा संपवून मी सकाळच्या गाडीने निघाले होते. तिने सरबताची जुनी, जाड काचेची बाटली भरून दिली, निळ्या झाकणाची, गळ्याला लाल दोरा बांधलेली. तिच्या सगळ्या बाटल्यांना असा दोरा असतो, शेजारपाजारच्या घरांत मिसळू नयेत म्हणून. पेडण्याचा बोगदा आला तेव्हा बाटली माझ्या मांडीवर होती. अंधारात तिचा गारवा तळहाताला लागत होता. प्यायला हवा होता तेव्हाच. पण मला वाटलं, खोलीवर गेल्यावर, उद्या जेवताना, निवांत. आमोणं एक दिवस जास्त पुरवून खावं, एवढाच लोभ.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघताना मी फ्रिजमधली बाटली काढून उभ्याउभ्या अर्धा पेला प्यायले. जिभेवर चुरचुरला. कळलं मला. काजूच्या गावात वाढलेल्या बाईला कळणार नाही, असं कसं म्हणू? पण माझ्या डोक्यात नीरो म्हणजे नीरो, पोरांचं पेय. दारू ही वेगळी गोष्ट, ती भाटीवर होते, ती आमच्या घरात येत नाही. ही चूक आमच्याकडचाच माणूस करू शकतो. दुसऱ्या कुणी त्या वासानेच बाटली बाजूला ठेवली असती.

दीड वाजता मी यंत्रात फुंकलं आणि ते ओरडलं. आकडा अगदी बारीक होता, पण शून्य नव्हता. खोलीत सात-आठ जण होते. मी म्हटलं, साहेब, नीरो आहे, काजूचा रस, आत्ताच प्यायलेय, तोंडात असेल. चूळ भरते, नियमात दुसरी चाचणी आहे, वीस मिनिटांनी. पुस्तकात खरोखरच तसं होतं. तोंडात राहिलेला अंश वीस मिनिटांत जातो, आणि पोटातून रक्तात गेलेला जात नाही. खरं-खोटं करायला ती वीस मिनिटं होती.

दाभाडकर हसला. दरवर्षी मी घरून आले की तो डोळा बारीक करून, आडनावाने हाक मारत विचारायचा, “गावस, गोव्याहून काय आणलं?” आणि मी भाजलेले काजू दिले की म्हणायचा, “एवढंच?” त्या दिवशी त्याने माझ्याकडे न बघता वही ओढली. “मला नियम शिकवतेस?” म्हणाला आणि लिहायला लागला. लिहिता लिहिता बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “गोव्याची माणसं. काय करणार? रक्तातच असतं यांच्या.”

दोघं-तिघं हसले. फार मोठ्याने नाही, साहेबापुरते.

माझे बाबा सावंतवाडीकडचे. खनिजाचे ट्रक चालवायला तरुणपणी इकडे आले, आमोण्याचे जावई झाले आणि इथेच राहिले. वीस-बावीस वर्षं शिरगावच्या खाणींवरून त्यांनी ट्रक हाकले. कानात, पापण्यांत, भाकरीच्या फडक्यात लाल धूळ. त्या रस्त्यावर ड्रायव्हरांनी काय काय प्यायचं आणि काय काय ठोकायचं, हे सगळं त्यांनी पाहिलं. स्वतः मात्र थेंब घेतला नाही. ते लईराईचे धोंड आहेत, देवीच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे व्रतकरी. जत्रेच्या आधी त्यांचं व्रत असतं. आंघोळ नदीत, जेवण स्वतःच्या हाताने शिजवलेलं, बोलणं मोजकं. मोगऱ्याची माळ मी करून द्यायची, ही लहानपणापासूनची माझी कामगिरी. ‘रक्तातच असतं’ म्हणताना दाभाडकरने कुणाच्या रक्ताबद्दल तोंड उघडलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं ही सबब मी मान्य करत नाही.

माझी किल्ली काढून घेतली. चौकशी होईपर्यंत मला प्लॅटफॉर्मवर उभं केलं. गळ्यात शिट्टी, हातात काही नाही, काम एवढंच की लोकांना पिवळ्या रेषेच्या मागे ठेवायचं. पूर्ण हंगाम मी तिथे काढला. काजू संपले, आंबे संपले, फणस पिकून फुटले, हे सगळं मला आईच्या फोनवर कळत गेलं. माझ्यासमोर दर पाच मिनिटांनी गाडी यायची. ती खुणेवर नीट थांबली की मला कळायचं कोण चालवतंय, आणि पुढे-मागे झाली तरी कळायचं. काचेच्या खोलीतला माणूस माझ्याकडे बघायचा नाही. माझ्याबरोबर शिकलेली मुलंमुली, एकत्र डबे खाल्लेली. ती समोरच्या सिग्नलकडे बोट दाखवायची, तोंड हलायचं, हिरवा म्हणायची, आणि गाडी निघून जायची. एकदा रुग्णालयाच्या स्टेशनवर माझी पाळी होती. त्या पेंगणाऱ्या नर्सांपैकी एक गाडीत चढताना दुसरीला म्हणाली, “हल्ली फार झटके बसतात ना गं?” मी शिट्टी तोंडात धरून उभी होते. मला रडू आलं आणि मी जोरात शिट्टी वाजवली. रेषेच्या पुढे कुणीच नव्हतं, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बातमी आमोण्यात पोचलीच. आमच्या भागातला एक माणूस त्या शहरात कामाला होता, जत्रेला गावी आला आणि डिचोलीच्या बाजारात कुणाशीतरी बोलला. बाबा मोगऱ्याच्या कळ्या आणायला गेले होते. तिथे कुणीतरी त्यांना मुलीबद्दल विचारलं, “तुजें चेडूं पिवन गाडी चलयताना सांपडलें मरे?” व्रतातला माणूस. ते कळ्या घेऊन घरी आले आणि मला फोन केला. बाबा फोन करत नाहीत, आईने लावून दिलेला घेतात. त्या दिवशी त्यांनी स्वतः केला.

“थेंब तरी घेतललंस?”

“नीरो होतो, बाबा. आदल्या दिवसाचो.”

“तेंका सांगलंस नाय?”

“सांगलंय.”

“मगे? तेंनी आयकूक नाय?”

 बाबांच्या जगात खरं सांगितलं की समोरच्याने ऐकायचं असतं. त्या वर्षी माळ शांताकाकीच्या सुनेने केली. बाबांनी मला दोष दिला नाही, पण माळ कर, असंही म्हणाले नाहीत. दाभाडकर, हे तुझ्या नावावर आहे. बाकी सगळं मी एखादे दिवशी सोडून दिलं असतं.

मी चार अर्ज लिहिले. नियम शब्दशः उतरवून, खाली सही. तिसऱ्या अर्जापर्यंत कुणी उत्तर दिलं नाही. चौथ्यानंतर मला बोलावलं, समज दिली आणि किल्ली परत दिली. कुणी चुकलं, असं कुणी म्हणालं नाही. पण आठवड्याने त्या खोलीत यंत्राच्या वर एक निळा बोर्ड लागला. ‘पहिली चाचणी शून्य नसल्यास स्वच्छ पाण्याने चूळ भरून वीस मिनिटांनी दुसरी चाचणी घेणे बंधनकारक.’ खाली एक लाकडी बाक ठेवला, समोर घड्याळ. तो बोर्ड माझा आहे. नाव नाही त्यावर, पण माझा आहे.

आणि दाभाडकर? तो विसरला. शपथेवर सांगते, साफ विसरला. चार वर्षं रोज मी त्याच्यासमोर फुंकलं. तो पडदा स्वतःकडे वळवून बघायचा, आकडा लिहायचा, म्हणायचा, “जा.” काही दिवस मी त्याच्या डोळ्यांत शोधायची, कुठे एखादी खूण. काही नव्हतं. ज्याने मारलं त्याला आठवत नाही आणि जिला लागलं ती मोजत बसते, याच्यासारखी चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही. पावसाळ्यात, दिवाळीत मी हे विसरायची. काजू आले की पुन्हा सगळं वर यायचं. बोंडूच्या रसाचा डाग कपड्याला पडला की धुऊन जात नाही, उलट धुतल्यावर काळा होतो. माझ्या एका निळ्या गणवेशावर तसा डाग आहे. मी तो टाकलेला नाही.

यंदा रजेवर आले आणि तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन. “गावस, आम्ही गोव्यात आहोत! केरीला उतरलोय, काय समुद्र आहे! समोर तेरेखोल दिसतं. उद्या दुपारची ड्युटी आहे, आज निघणार, पण म्हटलं जाता जाता तुझं गाव बघू. तो काजूचा रस काय म्हणतात तो, नीरो, ताजा मिळेल ना?”

फोन ठेवल्यावर मी काही वेळ कुंडीच्या काठावर बसून राहिले. हाताला बोंडूंचा चिकटपणा, भोवती माश्यांची भुणभुण. आयुष्यात मला इतका आनंद फार कमी वेळा झालाय. चांगला आनंद नव्हता तो, मला माहीत आहे.

तो अकराच्या सुमाराला आला. अर्धी चड्डी, फुलाफुलांचा शर्ट, डोक्यावर गवती टोपी. बरोबर बायको, शांत, हसऱ्या चेहऱ्याची बाई. ती आईच्या मागे स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि नाचण्याच्या सत्त्वाची कृती विचारायला लागली. तिच्याशी माझं काही वैर नव्हतं. बाबांनी सदरा बदलला, खुर्ची जनेलाशी, खिडकीच्या वाऱ्याला ठेवली, दोन शहाळी सोलली. हाच तो माणूस, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी घरी नाव कधी घेतलंच नव्हतं.

“तुम्ही घेत असाल ना थोडी?” दाभाडकरने अंगठा तोंडाकडे नेऊन विचारलं. “गोव्यात राहून नाही म्हणू नका!”

“आपण धोंड, साहेब,” बाबा म्हणाले. “माका चलना नाय.”

“अरे वा,” तो म्हणाला, आणि शहाळ्यातलं पाणी प्यायला.

मग बाबा उभे राहिले. हात जोडले. “आमचा चेडू इतक्या लांब ऱ्हवता. तुमी तेका सांबाळून घेतास. आमकां मोठो आधार.”

मी दारात उभी होते. दाभाडकर गडबडला नाही, लाजला नाही, त्याला काही आठवलं नाही. “अहो, मुलगी चांगली आहे तुमची. गाडी फार छान चालवते,” असं म्हणून त्याने माझ्या बाबांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. त्या क्षणापर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं. तेव्हा ठरलं.

आईने आत बाटली भरायला घेतली होती. मी ती तिच्या हातातून घेतली. “मी भरते.” निळ्या झाकणाची, लाल दोऱ्याची. काठापर्यंत भरली, झाकण आवळलं, फडक्याने पुसली आणि आई हात धुऊन बाहेर यायच्या आत मोटारीपाशी नेऊन दिली.

“हे किती दिवस टिकतं गं?” त्याने विचारलं.

“फ्रिजमध्ये ठेवा, साहेब,” मी म्हणाले.

खोटं बोलले नाही. पुरतं बोलले नाही, एवढंच. लोकांच्या जिवाला धोका नव्हता, हे मी आधीच मनात तपासून घेतलं होतं. कंट्रोलर गाडी चालवत नाही, तो टेबलाशी बसतो, आणि बसण्याआधी त्यालाही फुंकावं लागतं. यंत्र त्याला अडवणार, सगळ्यांसमोर अडवणार. मला तेवढंच हवं होतं.

मोटार वळणाआड गेली. आई पायरीवर आली, हात पदराला पुसत. “सांगलें मगो तेंका, सांजेमेरेन पियात म्हूण?”

“सांगलें,” मी म्हणाले. आईशी मात्र सरळ खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकपासून मी घड्याळाकडे बघत होते. बाबा डोंगरावरून बोंडूंची टोपली घेऊन आले, मी बी पिळून काढायला बसले. बोंडूतून बी पिळून काढताना एक बारीक फटकन आवाज होतो. दीड वाजला. पावणेदोन. मला सगळं दिसत होतं, ती खोली, ते टेबल, तो आवाज. दोन वाजले. हातातली टोपली संपली तरी मी रिकामी बोटं चोळत होते. तीनला फोन वाजला.

“गावस. दाभाडकर बोलतोय.”

“बोला, साहेब.”

“तो नीरो. निघताना दोन घोट घेतले मी. लिंबासारखा लागला, बरा वाटला.” मग म्हणाला, “यंत्र ओरडलं.”

मी चिकट बोटं फडक्याला पुसली.

“सकाळपाळीचा कंट्रोलर घाबरला बिचारा. म्हणाला, साहेब, राहू दे, शून्य लिहितो. पण मागे सगळे उभे होते. मग मीच बोर्डाकडे बोट केलं. चूळ भरली, बाकावर बसलो. वीस मिनिटांनी शून्य आलं.”

म्हणजे माझ्याच बोर्डाने त्याला वाचवलं होतं. चार अर्ज, एक अख्खा हंगाम, आणि त्याचा फायदा कुणाला, तर याला. मी कुंडीतला एक बोंडू इतक्या जोरात दाबला की रस डोळ्यात उडाला.

“बरं झालं, साहेब,” मी म्हणाले.

“वीस मिनिटं फार असतात गं,” तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. “पोरं येत होती, किल्ल्या घेत होती. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मुद्दाम न बघणं कळतं ना?”

“कळतं.”

“तिथे बसल्यावर आठवलं. तुला मी बसवलं नव्हतं.”

“नाही.”

“थेट लिहिलं होतं.”

“हो.”

“आणि काहीतरी बोललोही होतो मी तेव्हा. काय बोललो होतो?”

“रक्तातच असतं यांच्या, असं म्हणाला होतात.”

बाबा माझ्यापासून चार हातांवर बसून चोथ्याला वेल आवळत होते. फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, “काल तुझ्या वडिलांनी मला हात जोडले.”

“हो, साहेब.”

“गावस, ती बाटली तू मुद्दाम दिलीस?”

नाही म्हणता आलं असतं. नोकरी त्याच्या हातात आहे, नाहीच म्हणायला हवं होतं. पण खरं काय ते त्याने मला विचारावं, याची मी चार वर्षं वाट बघत होते, तो प्रश्न आज आला होता, आणि खोटं बोलून मी तो वाया घालवणार नव्हते.

“हो,” मी म्हणाले. “मुद्दाम.”

पलीकडे कुणीतरी यंत्रात फुंकल्याची बारीक शिट्टी ऐकू आली. “बरं,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

“कोणाचो फोन?” बाबांनी विचारलं.

“साहेबांचो.”

“बरो मनीस,” बाबा म्हणाले आणि वेलीला आणखी एक गाठ मारली.

सोमवारी मी ड्युटीवर गेले.  माझ्या नावाचा कागद तयार असेल, पुन्हा शिट्टी आणि पिवळी रेषा, असं धरूनच गेले होते. पश्चात्ताप मात्र नव्हता, तो खोटा खोटा आणणार नाही.

टेबल तेच, यंत्र तेच, वर निळा बोर्ड. कागद नव्हता. यंत्राशेजारी काचेची जाड बाटली होती, निळं झाकण, गळ्याला लाल दोरा. स्वच्छ धुतलेली आणि पाण्याने भरलेली. तिच्यावर चिकटवलेल्या पट्टीवर दाभाडकरच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘चूळ भरण्यासाठी.’

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच देतात. त्याला हे ठाऊक असायचं काही कारण नाही.

तो उठून उभा राहिला. यंत्र माझ्यापुढे धरलं. मी फुंकलं. त्याने पडदा पहिल्यांदा माझ्याकडे वळवला आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “शून्य. गावस, शून्य.”

त्याच खोलीत, तेवढ्याच मोठ्याने. कुणी हसलं नाही. मी सही केली, किल्ली घेतली आणि गाडीवर गेले. गुलमोहर फुलायला लागले होते. गच्चीवरच्या बाईने पदर धरून मान वर केली. रुग्णालयाच्या पुढच्या स्टेशनवर गाडी खुणेला टेकली तेव्हा प्लॅटफॉर्मच्या आरशात दोन नर्सा दिसल्या, डोळे मिटलेल्या, माना न हललेल्या.

आईचा परवा फोन होता. काजू संपत आलेत, पुढल्या खेपेला बाटली परत आण, म्हणाली. दोऱ्याची आहे, मोजून ठेवलेली असते तिच्याकडे. मी म्हटलं, ती आता मिळायची नाही. मागितली तर तो देईल. पण मी मागणार नाही, आणि त्याला माफही केलेलं नाही. सकाळपाळीची माणसं सांगतात, रोज ड्युटीवर बसायच्या आधी तो ती बाटली स्वतः नेतो, धुतो, ताजं पाणी भरून पुन्हा यंत्राशेजारी ठेवतो. भरू दे.